वन्संच्या डाव्या बाजूला

आणीबाणी लागली त्या वर्षीच्या मे महिन्यात माझं लग्न झालं. केळव्याहून वसईला मला सासरी घेऊन आली ती माझी नणंद, स्वतः जीप चालवत. मागच्या बाकावर मी आणि नवरा, पुढे सासरे आणि स्टिअरिंगवर ही उंच, सावळी बाई. पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. निरोप द्यायला जमलेल्या बायका नवरीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होत्या. माझी मावशी डोळे पुसता पुसता कानाशी येऊन म्हणाली, "यांना डायवर मिळाला नाही वाटतं."

मनोरला हायवे लागला तसा जीपचा आवाज बदलला. पुढे गोण्या भरलेला एक ट्रक होता. नणंदेने एकदा आरशात पाहिलं, खालचा ओठ दाताखाली धरला आणि बघता बघता ट्रक आमच्या मागे पडला. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. मांडवात धरला होता तो भटजींनी सांगितलं म्हणून; हा माझा मी धरला. तो हसून म्हणाला, "होईल सवय."

झाली. नुसती सवय नाही, एक बाळंतपण सोडलं तर पुढची दहा-अकरा वर्षं मी तिच्या शेजारची जागा सोडली नाही. तिला मी वन्सं म्हणायची, आणि तिच्याशी बोलणं "अहो-जाहो"तच करायची. नात्याने मी मोठी, वयाने त्या. राज्यातल्या मोटार रॅल्यांमध्ये त्या पहिल्यांदा बायकांच्या गटात विजेत्या झाल्या आणि मग सगळ्यांच्या. वर्तमानपत्रांत फोटो यायचा तो त्यांचा एकटीचा, आणि तसंच बरोबर होतं. पण गाडी पळत असताना त्यांच्या डाव्या हाताला बसून "पुढे उजवं वळण, मग पूल" असं ओरडणारी बाई मी होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगायचा थोडा हक्क मला आहे असं वाटतं.

आमची वाडी निर्मळच्या वाटेवर. केळी, पानवेल आणि कडेकडेने मोगरा. विड्याची पानं, फुलं आणि केळीचे घड रोज उजाडायच्या सुमारास स्टेशनवर पोचवावे लागत. त्यासाठी सासऱ्यांनी लिलावातली एक जुनी जीप आणली होती. ती आणली आणि त्याच पावसात विहिरीच्या काठावर पाय घसरून त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू झाला. क्लच दाबायचा तोच पाय. माझा नवरा तेव्हा कॉलेजात होता, पुढे मुंबईत कचेरीत लागला. त्याला गाड्यांचं कणभर वेड नव्हतं. वन्सं मॅट्रिक होऊन घरी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी चालवते."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी एकदा सासऱ्यांना विचारलं होतं.

"चालव म्हटलं. दुसरं काय म्हणणार गो? पानं सुकत होती."

इतक्या साध्या कारणाने ते घडलं. गावात बोलणारे बोललेच. सोपाऱ्याचं एक चांगलं स्थळ पक्कं होत आलं होतं, पण मुलाकडच्यांनी अट घातली की लग्न ठरल्या दिवसापासून मुलीने जीप चालवायची नाही. वन्संनी विचारलं, "मग आमची पानं स्टेशनवर कोण नेणार?" मुलाचे काका म्हणाले, "ते तुझ्या घरचे बघतील." वन्सं म्हणाल्या, "बघू दे. त्यांना कोणी मिळालं की मी कळवते." कोणी मिळालं नाही, का कोणी शोधलंच नाही, ते मला माहीत नाही. स्थळ दुसरीकडे गेलं. सासूबाईंच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी लेकीला काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून त्या जीपमध्ये चढल्या नाहीत. कुठे जायचं झालं तर टांग्याने जात, टांगा नसला तर पायी.

मी घरात आले तेव्हा हे असं होतं. मोगऱ्याचे दिवस आले तसं मला गजऱ्यांचं काम लागलं. घरून निघेपर्यंत ते पुरं होत नसे, म्हणून मी मांडीवर परडी घेऊन जीपमध्ये बसायची आणि स्टेशनपर्यंत गजरे करत जायची. रस्ता कसला, नुसते खड्डे. एका सकाळी वन्संनी मधेच गाडी थांबवली.

"वहिनी, तुला मळमळत नाही?"

"कशाने?"

"खाली मान घालून गजरे करतेस. रस्ता हा असला."

"नाही बा."

त्यांनी गाडी सुरू केली आणि पुढची वाट मुद्दाम वाकडीतिकडी, एकही खड्डा न सोडता काढली. मी दोरा ओढत राहिले. शेवटी कंटाळून म्हणाले, "वन्सं, फुलं सांडतायत, जरा नीट चालवा ना." त्या मोठ्याने हसल्या. का हसल्या ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते वालीवला. तिकडे तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि त्यांच्यामध्ये एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. मिस्त्री शेजारच्या गावातले, ख्रिस्ती. त्यांच्या घरची बोली वेगळी, आमच्या घरची वेगळी. वन्सं आणि ते बोलायला लागले की मधलीच कुठलीतरी तिसरी भाषा तयार व्हायची आणि तिच्यात निम्मे शब्द इंजिनाचे असायचे. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राचा एक तुकडा वन्संपुढे धरला. मुंबईतल्या एका मोटार क्लबाने फक्त बायकांसाठी रॅली ठेवली होती. मुंबईहून निघायचं, नाशिकच्या रस्त्याला लागायचं, आडवाटांनी फिरून संध्याकाळी परत.

"बाय, जा तू," मिस्त्री म्हणाले. "नंबर येईल का नाय ते देवाला म्हाईत. पन गाडी घरी परत येईल, ते मी सांगतो."

"शेजारी बसून कागद वाचायला माणूस लागतो," वन्सं म्हणाल्या. "चालत्या गाडीत वाचणारा. निम्म्यांना ओकारी येते." आणि माझ्याकडे बघितलं.

मी दहावीपर्यंत शिकलेली, गणित बरं असलेली, सासरी येऊन वर्ष न झालेली मुलगी. घरी विचारल्याशिवाय मी काय बोलणार? संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा वन्संनीच विषय काढला. तो जेवता जेवता ऐकत राहिला. हात धुऊन आला आणि मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्यापुढे ठेवलं. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळ होतं ते.

"वेळ लावायला लागेल ना," तो म्हणाला. "भिंतीवरचं काढून नेणार आहात का?"

ते घड्याळ पुढे बरीच वर्षं माझ्याच हातात राहिलं. कचेरीत जाणारा माणूस, रोजची गाडी पकडणारा, आणि वेळ दुसऱ्याला विचारायचा. दुसरं घड्याळ घ्या म्हटलं की म्हणायचा, "कशाला, स्टेशनवर आहे की." मी हे आठवते तेव्हा मला वाटतं, माणसाने पाठीशी उभं राहायचं म्हणजे याहून जास्त काय करायचं असतं.

पहिल्या रॅलीत आमची फजिती झाली. सुटायच्या जागी सगळ्या बायका पँटी घालून, डोळ्यांना गॉगल लावून. त्यांच्या गाड्या धुतलेल्या, चकचकीत. आमच्या जीपला केळीच्या चिकाचे डाग. वन्सं साडीत आणि मी पण. वन्संनी मला सांगितलं होतं, "तू फक्त वाट सांग, बाकी माझ्यावर सोड." मी वाट सांगत गेले आणि त्या सुटल्या. शहापूरच्या पुढे तर आमच्या मागेपुढे कोणीच दिसेना. तपासणीच्या पहिल्या नाक्यावर दोन गृहस्थ झाडाखाली टेबल मांडत होते, टेबलावर अजून कागदही आले नव्हते.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"रॅलीतल्या," वन्सं म्हणाल्या. "आम्ही पहिल्या ना?"

तेव्हा आम्हाला कळलं की त्या रॅलीत सर्वांत आधी पोचायचं नसतं. प्रत्येक टप्प्याला वेग ठरवून दिलेला असतो आणि त्या वेगाने जेव्हा पोचायला हवं त्याच वेळेला पोचायचं असतं. उशीर झाला तरी गुण कापतात आणि लवकर आलात तरी कापतात. आमचे इतके कापले की संध्याकाळी यादीत आमचं नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागली.

घरी सांगितलं तर सासरे हसून हसून खोकायला लागले. "लवकर पोचली म्हणून दंड! आपली पानं नेताना तरी कधी दंड झाला नाही."

वन्सं मात्र हसल्या नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, मला वाटलं होतं हे नुसतं पळवण्याचं काम आहे. ते नाही. हे दोघींचं काम आहे. शिकायचं का?"

"शिकू या," मी म्हणाले. इतका आनंद मला परीक्षेत पास झाल्याचाही झाला नव्हता.

मग आमची शिकवणी सुरू झाली. माल पोचवून परतताना आम्ही हायवेला जायचो. मी रुमालाने जीपचा वेगाचा काटा झाकायची आणि वन्सं नुसत्या आवाजावरून, सीटच्या थरथरीवरून वेग सांगायच्या. मैलाच्या दोन दगडांमध्ये मी घड्याळ लावून तो तपासायची. पहिल्या पहिल्यांदा त्या रागावायच्या. "तुझं घड्याळ चुकतंय." मी म्हणायची, "घड्याळ तुमच्या भावाचं आहे, त्याला सांगा." ओहोटी असली की कळंबच्या किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूवर त्या गाडी घसरवून परत सरळ करायला शिकल्या. जाळी सुकवणाऱ्या बायका आधी ओरडायच्या, मग बघायला बसायला लागल्या. चिंचोटीवरून कामणकडे जाणारा वळणांचा रस्ता तर आम्हाला इतका पाठ झाला की पावसात, काच धुरकटलेली असतानाही मी पुढचं वळण सांगायची आणि वन्सं त्याआधीच वळवायला लागलेल्या असायच्या.

तिसऱ्या की चौथ्या रॅलीत आमचा पहिला नंबर आला. त्यानंतर वन्संनी मागे वळून पाहिलं नाही. बायकांच्या गटात लागोपाठ दोन वर्षं त्या विजेत्या ठरल्या. एका पारशी बाईंची जुनी फियाट त्यांच्याकडे आली, आणि मिस्त्रींनी ती पार उलगडून पुन्हा जोडली. तिच्यात त्यांनी बसणाऱ्याने अंगाला बांधायचे जाड कॅनव्हासचे दोन पट्टे स्वतः शिवून, खाली लोखंडात रिबिट मारून बसवले. मला ते काचायचे. मी तक्रार केली तर म्हणाले, "काचू दे बाय. काचतंय म्हंजे धरतंय." निघायच्या आदल्या दिवशी ते बोनेटवर बोटाने क्रूस काढत आणि आमच्या घरून निघताना सासरे त्याच बोनेटवर कुंकू लावत. फियाटने कधी हरकत घेतली नाही.

मग माझी मुलगी झाली. मी मनातल्या मनात ते दिवस संपले असं धरून चालले होते. वन्संनीही काही विचारलं नाही. मुलगी रांगायला लागली तेव्हा वन्सं कोणा मैत्रिणीला शेजारी बसवून एका रॅलीला गेल्या आणि रस्ता चुकून भलत्याच गावात निघाल्या. घरी येऊन फियाट गोठ्याशेजारी लावली आणि न जेवता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. माझ्या कडेवर मुलगी. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पुढची कधी आहे ती शर्यत?"

"दिवाळीच्या आधी, आई."

"मुलीला माझ्याकडे ठेव. तू जा."

मला आधी नीट ऐकू आलं असं वाटेना. मी म्हणाले, "आई, पण दोन दिवसांची असते. आणि या वेळी पुरुषांच्या गटातही..."

"मला काय करायचंय कुठल्या गटात? ती एकटी वाट चुकते. रात्रभर तिला झोप नव्हती, मी ऐकत होते." मग पुढचा वाल सोलत म्हणाल्या, "तिला दुसरं काही मी देऊ शकले नाही. नातीला सांभाळेन, तेवढं तरी."

मी मुलीला घेऊन आत गेले आणि तांदळाच्या पिंपाआड उभी राहून रडून घेतलं. आजही माझ्या आयुष्यात मला कोणी काय काय दिलं याचा विचार करते तेव्हा त्या अंगणातलं ते वाक्य पहिलं येतं. दिल्लीला एशियाड भरलं त्या वर्षीची ही गोष्ट. त्या ऑक्टोबरात मी पुन्हा डाव्या सीटवर बसले.

ती रॅली सगळ्यांसाठी खुली होती. वर्षभराच्या रॅल्यांचे गुण मिळवून शेवटी एक विजेता काढत आणि त्या वर्षीचं सगळं या शेवटच्या रॅलीवर येऊन ठेपलं होतं. मुंबईहून जव्हार, तिथून खाली पुण्याच्या बाजूला, डोंगरातल्या आडरस्त्यांनी. वन्सं आता भावाच्या जुन्या पँटी घालायच्या, वर सैल शर्ट. सुटायच्या ठिकाणी छापील जाकीट घातलेल्या एका तरुणाने आम्हाला अदबीने सांगितलं, "ताई, प्रेक्षकांची चहाची सोय तिकडे आहे."

"चहा झालाय," वन्सं म्हणाल्या. "तुमची गाडी जरा पुढे घ्या, आमची निघायची आहे."

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी, मोखाड्याकडच्या एका ओढ्यात गाडी दगडावर आपटली आणि बाहेर आल्यावर बघते तर वेगाचा काटा मेलेला. खाली अंतराचे आकडेही हलेनात. केबल तुटली होती. माझी सगळी मदार त्या आकड्यांवर. मी कागद मांडीवर टाकला.

"संपलं, वन्सं. आता किती आलो, किती जायचं, काही कळणार नाही."

त्यांनी गाडी थांबवली नाही. वेगही कमी केला नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे काटा आहे. तू घड्याळ बघ आणि मला वेग सांग. मी तेवढाच ठेवते."

"वन्सं, अजून अर्धा दिवस आहे."

"मग लवकर सुरुवात कर."

ते पुढचे तास मला एकसंध आठवत नाहीत. मी वेळ बघायची, मनात गुणाकार करायची, "आता पुलापाशी असायला हवं" म्हणायची आणि पूल यायचा. नाही आला तर पुढच्या वळणामागे यायचा. मध्ये भूक लागली. मी सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी सोडून एकेक सुकेळं त्यांच्या तोंडात घालत होते. एका नाक्यावर पोचलो तर टेबलावरच्या गृहस्थांनी आपल्या घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि शाईचं पेन हातात तसंच धरून म्हणाले, "अगदी वेळेवर." वन्संच्या गळ्यातून बारीकसा आवाज आला, हुंदक्यासारखा, पण त्या हसत होत्या.

संध्याकाळी पुण्यात निकाल सांगितला तेव्हा आमची नावं आधी वाचली. त्या वर्षीचा विजेता म्हणून राज्यातल्या सगळ्या गड्यांच्या वर एका बाईचं नाव लागलं. टाळ्या झाल्या, काहींनी नाही वाजवल्या. आदल्या सकाळचा जाकिटवाला तरुण मात्र गर्दीतून वाट काढत आला, वन्संपुढे वाकला आणि म्हणाला, "ताई, चहा तरी पाजू दे आता." त्यांनी त्याच्याबरोबर खरंच चहा घेतला. काटा मेला होता हे त्याला सांगायची मला फार खुमखुमी आली होती, पण वन्संनी डोळ्यांनी नको म्हटलं.

घरी पोचलो तर मिस्त्री सकाळपासून ओट्यावर येऊन बसलेले. सासरे काठी टेकत फाटकापर्यंत आले. सासूबाई मुलीला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या आत गेल्या. पण कार्तिकात निर्मळची जत्रा आली तेव्हा सकाळीच लुगडं नेसून, अंबाड्यात सोनचाफा खोचून त्या फियाटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वन्सं माल पोचवून आल्या होत्या, हात धूत होत्या.

"आई, टांगा सांगू का?"

"टांगा कशाला? ही गाडी काय शोभेला ठेवली आहे?"

वन्संनी त्या दिवशी गाडी इतकी सावकाश चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. सासूबाई पुढे बसल्या होत्या, माझ्या जागेवर. अर्ध्या रस्त्यात त्या म्हणाल्या, "अशीच चालवतेस तू? आणि पहिली येतेस?"

पुढच्या वर्षी आम्ही उलटलो. जुन्नरच्या बाजूला एका कच्च्या उतारावर वळणापलीकडून बैलगाडी आली. वन्संनी तिला वाचवायला गाडी बाहेर काढली आणि आम्ही बाजरीच्या शेतात कोलांटी खाऊन पडलो. पट्ट्यांनी आम्हाला धरून ठेवलं. वन्संना खरचटलं, माझं खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. बैलगाडीवाल्याने आणि शेतातल्या बायकांनी मला बाहेर काढलं, एकीने स्वतःचा पदर फाडून माझा हात गळ्यात बांधला. नवरा दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या दवाखान्यात आला. खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "घड्याळ फुटलं का?" घड्याळ धड होतं. तो मान हलवत राहिला आणि मग खुर्चीत बसून त्याने तोंड झाकून घेतलं.

वसईला आल्यावर वन्सं माझ्या खोलीत आल्या. बिछान्याच्या कडेला बसल्या.

"मी सोडते, वहिनी."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? तुझं मूल आहे. मी तुला नेलं."

"तुम्ही नेलं नाहीत, मी आले. दोघींचं काम म्हणाला होतात ना? मग सोडायचं असेल तर दोघींनी सोडायचं. माझा हात बरा होऊ दे, मग बसून ठरवू."

हात बरा झाला. आम्ही ठरवायला बसलोच नाही. मिस्त्रींनी फियाटचा टप ठोकून सरळ केला आणि पावसाळा संपल्यावर आम्ही पुन्हा सुटायच्या रांगेत उभ्या होतो. त्या रॅलीत आमचा तिसरा नंबर आला. मला तो पहिल्याहून मोठा वाटला.

शेवट कसा झाला ते सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच मला बरं वाटतं. नव्या हलक्या गाड्या बाजारात आल्या. कंपन्यांचे संघ आले, त्यांच्याबरोबर सुटे भाग भरलेल्या व्हॅन आणि गणवेशातले मेकॅनिक. आमच्याकडे मिस्त्री, हत्यारांची एक पेटी आणि सुकेळी. दोन वर्षं आम्ही मधेच कुठेतरी येत राहिलो. एका रॅलीहून परतताना वसईच्या खाडीवरचा वर्सोव्याचा पूल ओलांडल्यावर वन्सं म्हणाल्या, "आता पुरे ना?" मी म्हणाले, "पुरे." घरी जाऊन आम्ही भात-कालवण जेवलो.

गाडी काही त्यांनी सोडली नाही. शेजारच्या गावात सिस्टर लोकांचा दवाखाना होता. त्यांना एक व्हॅन मिळाली होती पण चालवणारं कोणी नव्हतं, अडलेल्या बाईला न्यायचं म्हटलं की धावाधाव. मिस्त्रींच्या ओळखीने दोन सिस्टर वन्संकडे आल्या. कळंबच्या वाळूवर पांढरे झगे फडफडवत त्या शिकल्या. जाळीवाल्या बायका पुन्हा बघायला बसल्या. मग शाळेतल्या बाई आल्या, मग नवरा गेल्यावर त्याचा भाजीचा टेंपो दारात उभा असलेली एक तरुण विधवा आली. वन्संनी कोणाला नाही म्हटलं नाही. आज आमच्या भागात चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या किती बायका त्यांच्या हाताखाली शिकल्या, मोजायला गेलं तर वन्संनाही सांगता येणार नाही. त्या आता थकल्या आहेत, पण कोणी रस्त्यात थांबून "बाई, ओळखलंत का?" म्हटलं की आधी तिच्या गाडीचे टायर बघतात.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मला गाडी चालवता येत नव्हती. इतकी वर्षं मी दुसरीला वळणं सांगितली, पण स्टिअरिंगला हात लावला नव्हता. सिस्टर शिकत होत्या तेव्हा एक दिवस वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हे मला आधी का नाही सुचलं?" आणि उतरून डाव्या बाजूला जाऊन बसल्या. मी फार वाईट शिकले. वन्सं रागावल्या नाहीत, फक्त त्यांचा उजवा पाय सारखा रिकामी फळी दाबत होता.

लायसन मिळाल्यावर पहिल्यांदा एकटीने फियाट काढली ती नवऱ्याला आणायला, संध्याकाळी, स्टेशनवर. तो जिना उतरून आला, टांग्यांच्या रांगेकडे निघाला आणि मला बघून थांबला. गाडीत कोणी आहे का म्हणून त्याने वाकून आत पाहिलं. मग डावं दार उघडून बसला, बॅग मांडीवर घेतली.

"ती कुठाय?"

"घरी. मासळी साफ करतायत."

मी गाडी काढली. पापडीपर्यंत तो ओळखीचं माणूस दिसलं की काच खाली करून त्याला हाक मारायचा, काम नसताना. "काय, बाजारात का?" "काय, बरं आहे ना?" एरवी मान खाली घालून चालणारा माणूस. मला कळत होतं तो कशासाठी हाका मारतोय, आणि मला इतकं हसू येत होतं की गिअर बदलायचा राहून जात होता.